एसी मेकॅनिक व्हायचं तर आधी आयटीआय की थेट वस्तादाच्या हाताखाली?

डिचोलीचा मामा
भाचा दहावी पास झाला. त्याला एसी-फ्रिजचं काम शिकायचंय. गावातला एक मेकॅनिक म्हणतो, "उद्यापासून पाठवा, सहा महिन्यांत तयार करतो." घरचे तिकडेच झुकलेत. माझं मत उलट आहे. आधी आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा २ वर्षांचा ट्रेड, मग बाकी सगळं.

एप्रिलात पर्वरीच्या फ्लॅटमध्ये नवा स्प्लिट एसी बसवला. आलेल्या मुलाकडे व्हॅक्यूम पंपच नव्हता, म्हणजे गॅस सोडण्याआधी पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा पंप. त्याने आउटडोअरचा, म्हणजे बाहेरच्या युनिटचा, व्हॉल्व्ह किंचित उघडला, दुसऱ्या पाइपाचा नट सैल केला, थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली आणि नट आवळला. पंधरा मिनिटांत काम संपलं. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं आणि एसी नुसता वारा टाकतोय! दुसऱ्या माणसाने फ्लेअर नटवर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड आवळून धरणाऱ्या नटवर, साबणाचं पाणी लावलं, तर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक. तांब्याच्या पाइपाचं तोंड एका बाजूला चिरलेलं होतं.

गळतीपेक्षा मला पंप न लावल्याची जास्त काळजी वाटते. अशा कामात पाइपात ओल राहते. हल्लीच्या कंप्रेसरचं तेल पाणी लगेच शोषतं, त्यातून आम्ल बनतं आणि ते आतून मोटरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) खातं. त्यात एसीत भरतात तो आर-३२ पेट घेणारा गॅस. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि भाच्याचं तसं व्हायला नको.

शिडी आणि पाना
मामा, एका नटावरून सगळ्या वस्तादांना धारेवर धरू नका. मी म्हापशात २२ वर्षं हेच करतोय. शाळा नववीत सुटली. माझ्याकडे पंप आहे आणि तीन जिने चढायचे असले तरी तो खांद्यावर असतो.

कळंगुट-कांदोळीला खारं वारं आउटडोअर कसं खातं ते वर्गात बसून कळत नाही. बाहेरून फिन्स (कॉइलवरचे पातळ पत्रे) धड दिसतात, बोट लावलं की पांढरी पूड होऊन गळतात. तिथे गॅस भरून देणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे समुद्रात टाकणं. मी आधी सांगतो, कॉइल बदला. ही नजर शंभर छपरं चढल्यावर आली. आयटीआय करून आलेली पोरं माझ्याकडे येतात, फ्लेअर मारताना हात थरथरतो त्यांचा. आणि ज्याच्या घरी कमावणारं कोणी नाही, त्याला दोन वर्षं थांब म्हणायचं कोणत्या तोंडाने?

वेर्णे, रात्रपाळी
तुम्ही दोघंही स्प्लिटच्या पलीकडे बघत नाही आहात. मी आयटीआय आणि मग अप्रेंटिसशिप करून औषधांच्या कारखान्यात युटिलिटी विभागात आहे. इथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आणि एएचयू (त्या पाण्याने हवा थंड करून खोल्यांत सोडणारं यंत्र) सांभाळायचे असतात. गोव्यात हीटिंग कशाला, असंही लोक विचारतात. मोठ्या हॉटेलांत गरम पाण्याला हीट पंप (एसीच्याच तत्त्वावर पाणी तापवणारं यंत्र) असतात, तोही याच शिक्षणाचा भाग आहे.

एका जूनच्या रात्री गोळ्यांच्या खोलीतली आर्द्रता काही केल्या उतरेना. चिलरचं पाणी हवं तेवढं थंड होतं. सगळे चिलरभोवती जमले. मी एएचयूचं दार उघडलं, तर खालचा ट्रे काठोकाठ भरलेला आणि पाण्याचे थेंब पंख्याकडे ओढले जात होते. ड्रेनचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून हवा अडवणारा पाइपाचा वाकडा भाग, कोरडा पडला होता, त्यामुळे पंखा तिथूनच हवा ओढत होता आणि पाणी बाहेर जाऊ शकत नव्हतं. ट्रॅपमध्ये पाणी कशाला लागतं हे मला आयटीआयच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं, म्हणून तिथे हात गेला.

अजून एक. मी आधी दोन मेकॅनिकांकडे शिकायला गेले होते. दोघंही म्हणाले, मुलीला शिडीवर कोण चढवणार? आयटीआयमध्ये मला तो प्रश्न कोणी विचारला नाही.

मालीमचा बर्फवाला
मी वस्तादाच्या बाजूने. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. वास आला की आधी वारा कुठून येतोय ते बघायचं आणि वाऱ्याला तोंड करून निघायचं, हे माझ्याकडून म्हाताऱ्या ऑपरेटरने इतकं घोटून घेतलं की आजही पाय आपोआप तिकडे वळतात.

डिचोलीचा मामा
वेर्ण्याच्या ताई, मुलींचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी धाकटी भाची आहे, तिला हे वाचायला देणार.

पान्यावाले भाऊ, तुमच्या हाताला मी नाव ठेवत नाही. पण गॅस बदलत राहणार. ओझोन वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर एसी-फ्रिजमधला एकेक जुना गॅस जात गेला, आर-२२ ही चाललाय. त्याच करारातल्या किगाली दुरुस्तीला, म्हणजे हवामान तापवणारे गॅस कमी करण्याच्या कलमांना, भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, म्हणजे पुढे आर-४१०ए सुद्धा कमी होत जाणार. आर-२९० तर सरळ प्रोपेन आहे. वस्तादाला जे माहीत, तेवढंच चेल्याला मिळतं. नवा गॅस आला की दोघंही अडतात.

शिडी आणि पाना
हे मात्र खोटं म्हणणार नाही. आर-४१०ए पहिल्यांदा आला तेव्हा मी आर-२२ च्याच अंदाजाने गेज लावला होता. दाब दीडपटीहून जास्त, काटा बघून घाम फुटला. पुढे दोन दिवसांचं ट्रेनिंग केलं तेव्हा कळलं की तो सिलिंडरमधून द्रवरूपातच काढून भरायचा असतो. त्याआधी किती एसी चुकीचे भरले असतील, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तरी माझं म्हणणं तेच. आधी हात, मग पुस्तक. आयटीआयचा प्रवेश होईपर्यंत भाच्याला माझ्याकडे पाठवा. त्याने पंप लावून व्हॅक्यूमचा मीटर बघत बसायचं. आकडा ५०० मायक्रॉनच्या (पाइपात उरलेल्या दाबाचं माप) खाली उतरून, पंप बंद केल्यावर दहा मिनिटं तिथेच टिकला, तरच व्हॉल्व्हला हात लावायचा. मग वर्गात सर व्हॅक्यूम म्हणतील तेव्हा त्याला कळेल ते कशाबद्दल बोलताहेत.

डिचोलीचा मामा
सोमवारी घेऊन येतो. प्रवेशाचा फॉर्म मात्र त्याच्या आधी भरणार.