रात्री उठवून शू करायला न्यावं की झोपू द्यावं? (मुलगा ६ वर्षांचा)

गादी_उन्हात:
मुलगा पहिलीत आहे. दिवसाचं सगळं व्यवस्थित, अडीच वर्षांचा असतानाच डायपर सुटला, शाळेत कधी काही झालं नाही. पण रात्री आठवड्यातून चार-पाच वेळा तरी अंथरूण ओलं. सलग महिनाभर कोरडा असा कधीच गेला नाही. सासूबाई रात्री १२ ला आणि परत ४ ला त्याला उठवून नेतात, म्हणजे उठवतात म्हणायचं फक्त, तो डोळे मिटूनच चालतो, मिटूनच करतो, सकाळी विचारलं तर आठवतही नाही. आणि एवढं करून पाच वाजता गादी ओली ती ओलीच. नवरा म्हणतो सोड, आपोआप जाईल. मला वाटायला लागलंय की हे उठवणं बंदच करावं, पण घरात तसं बोलायची सोय नाही. त्यात पाऊस, गोधड्या वाळत नाहीत, पंख्याखाली तीन दिवस पडल्यात. गणपतीला संगमेश्वरला गावी जायचंय, तिथे सगळी पोरं माजघरात एका ओळीत झोपतात. तुमचं मत सांगा, स्पष्ट सांगितलं तरी चालेल.

आज्जी_ऑनलाइन:
अगं सासूबाई बरोबर करतायत, त्यांना थांबवू नकोस. आमच्या वेळी कुठे होते डायपर? पोर चार-सहा महिन्यांचं झालं की पायावर धरून सू-सू आवाज काढायचो, दोन वर्षांच्या आत दुपट्यांची रास कमी व्हायची. आता ती डायपरची पोरं, ओलं म्हणजे काय हेच त्यांना कळत नाही. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद, दूध बंद, झोपताना काळे तीळ आणि गुळाची वडी, रात्री दोनदा उठवायचं. माझी तिन्ही मुलं अशीच कोरडी झाली.

बारीकसारीक:
आजी, राग मानू नका पण मी बारा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केलीय, तिथे हे रोजचंच होतं. दिवसाची शू शिकवून येते, रात्रीची येत नाही. रात्री मेंदूतून एक हार्मोन जास्त सुटायला लागतं (व्हासोप्रेसिन), त्याने लघवी कमी तयार होते. काही मुलांत ते उशिरा जमतं. काहींची लघवीची पिशवी लहान असते, आणि झोप इतकी गाढ की पिशवी भरल्याचा निरोप पोचतच नाही. सहा वर्षांच्या मुलाची पिशवी ढोबळ हिशोबाने २१० मिली, म्हणजे एक भरलेलं फुलपात्र. (वयात एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचं.) पाच वर्षांच्या १०० मुलांत साधारण १५ जणांना हे असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. म्हणूनच पाचच्या आत कोणी याला आजार म्हणत नाही.

आणि झोपेतच उचलून नेण्याबद्दल. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सरळ म्हटलंय की आईवडलांनी ठरावीक वेळी उचलून नेल्याने मूल कायमचं कोरडं व्हायला मदत होत नाही. त्या रात्रीपुरती गादी वाचते, एवढंच. ताई, तुमचा मुलगा झोपेतच करतोय म्हणजे तो झोपेत शू करायचाच सराव करतोय की हो.

आज्जी_ऑनलाइन:
गादी वाचते हेही काही कमी नाही बाई. आषाढ-श्रावणात धुणं तू येऊन वाळवणार का?

बारीकसारीक:
😄 हे मात्र मान्य. पण मग ते धुण्यासाठी करतोय असं म्हणा, पोरासाठी नाही. आणि मेणकापड घाला ना खाली.

चिवडा_कमी_शेंगदाणे:
मी दोघींच्याही विरोधात. "आपोआप जाईल" हे सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की दर वर्षी यातली साधारण १५ टक्के मुलं आपोआप कोरडी होतात, आणि मी खूष होऊन घरी आले. आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे ८५ टक्के पुढच्या वर्षीही ओलीच! आम्ही सहाला थांबलो, सातला थांबलो, आठला थांबलो. चौथीत शाळेची मुक्कामी सहल आली आणि लेकीने पोट दुखतंय म्हणून सांगितलं, गेलीच नाही. मैत्रिणीकडे राहायला बोलावलं की कारणं. तिला कोणी ओरडलेलं नव्हतं हो घरात, एकदाही नाही. तरी तिचं तिने लपवायला सुरुवात केलीच, ओली चड्डी दप्तराच्या मागे कोंबलेली सापडली मला. त्यामुळे थांबायचं असेल तर मुलाला त्रास होतोय का ते बघून थांबा. नवऱ्याचं काय जातंय सोड म्हणायला, गादी तुम्ही उचलताय.

लीड्सकर:
आमचा अनुभव. मुलगा सातचा होता, इकडे स्कूल नर्सने अलार्म दिला. चड्डीला छोटा सेन्सर, पहिला थेंब पडला की भोंगा. कल्पना जुनी आहे, १९३८ मध्ये मावरर नावाच्या अमेरिकन जोडप्याने यावर पेपर लिहिला होता. यात खरा फरक असा की उठायची वेळ तुम्ही ठरवत नाही, त्याची पिशवी ठरवते, आणि हळूहळू मेंदू भोंग्याच्या आधीच जागा होतो. सलग १४ रात्री कोरड्या गेल्या की बंद करायचा. आम्हाला अकरा आठवडे लागले. तीनातल्या साधारण दोन मुलांना याचा उपयोग होतो.

वन_बीएचके:
लीड्समध्ये ठीक आहे दादा. आम्ही पण आणला होता. एका खोलीत आम्ही दोघं, दोन मुलं, बाहेर बाबा. भोंगा वाजला की धाकटी रडत उठायची, बाबा दचकून उठायचे, शेजारच्यांनी जिन्यात विचारलं रात्री काय वाजतं हो, आणि ज्याच्यासाठी वाजतोय तो घोरत पडलेला. तेराव्या दिवशी मी तो भोंगा कपाटावर फेकला. सकाळी सातला दोघांनाही ऑफिस गाठायचं असतं, कोण करणार तीन महिने हे?

लीड्सकर:
सुरुवातीला मूल उठत नाहीच, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. पहिले काही आठवडे तुम्हीच उठून त्याला पूर्ण जागं करायचं, तोंडावर ओला हात फिरवून, त्यालाच बंद करायला लावायचा. तेरा दिवसांत सोडलात म्हणजे नेमकं लवकर सोडलंत. पण वन बीएचकेचं पटलं, घरात रोज रात्री कोणीतरी उठणारं नसेल तर आणूच नये, पोराला वाटतं आपल्यामुळेच फेल झालं.

कोरेगावचा_पाव्हणा:
मी स्वतः सातवीपर्यंत भिजवत होतो. आता लिहायला काही वाटत नाही, पोरं मोठी झाली माझी. आई पहाटे चारला उठायची, माझी गोधडी कुणी उठायच्या आत विहिरीवर नेऊन धुवायची. सगळे उपाय झाले माझ्यावर. तीळ-गूळ, ओवा, खारीक, दृष्ट, एका म्हातारीनं तर तापलेला उलथनं दाखवून भीती घातली बघा. त्या भीतीनं मी झोपायचोच नाही, आणि मग पहाटे झोप लागली की हमखास. आठवीत आपोआप थांबलं, आणि श्रेय खारकेला मिळालं. 🙂

गंमत पुढं. माझं लग्न ठरलं तेव्हा आजीनं सगळ्यांदेखत सांगितलं की माझे वडील पण चौदा वर्षांचे होईस्तोवर भिजवत होते. वडील गप्प उठून गोठ्यात गेले. त्या माणसानं मला लहानपणी त्याच कारणावरून वेताच्या छडीनं मारलं होतं ओ. ताई, घरात विचारून बघा. आईवडलांपैकी एकाला असलं तर जवळजवळ निम्म्या वेळा पोराला येतंय, दोघांना असलं तर चारातल्या तिघांना, असं मी नंतर वाचलं.

बारीकसारीक:
पाव्हणं, हे लिहिलंत ते फार बरं झालं.

गादी_उन्हात ताई, दोन गोष्टी विचारते. शाळेतून पाण्याची बाटली किती भरलेली परत येते? आणि शी रोज होते का, कडक होते का? आतडं भरलेलं असलं की ते पिशवीवर दाबतं, कित्येकदा बद्धकोष्ठ बरं केल्यावर अर्धं काम होतं, आणि ते कोणी तपासतच नाही कारण सगळ्यांचं लक्ष पुढे, मागे कोणी बघत नाही.

आज्जी_ऑनलाइन:
पाणी सहानंतर बंद हे तरी बरोबर की नाही माझं?

बारीकसारीक:
निम्मं बरोबर आजी. झोपायच्या आधीचा तासभर कमी द्यावं, चहा-कॉफी-कोला संध्याकाळी नकोच. पण शाळेची बाथरूम घाण म्हणून पोरं दिवसभर पीतही नाहीत आणि करतही नाहीत, मग चारला घरी येऊन तांब्या तोंडाला लावतात. त्या तहानलेल्या पोराचं सहाला पाणी तोडलं तर ते रडणारच. ते पाणी सकाळकडे सरकवायचं. या वयाला दिवसाला लिटरभर तरी पोटात जायला हवं. दिवसा दोन-अडीच तासांनी बाथरूम, झोपताना परत एकदा.

चिवडा_कमी_शेंगदाणे:
आणि गोळीचं कोणी बोलत नाहीये. डेस्मोप्रेसिन, त्या वरच्या हार्मोनसारखंच काम करणारी, रात्री लघवी कमी तयार होते. आम्ही शेवटी पुढच्या सहलीसाठी तीच घेतली, बालरोगतज्ञांना विचारून, आठवडाभर आधी घरी ट्राय करून. दहाव्या वर्षी पहिल्यांदा बाहेर झोपली माझी पोरगी.

वन_बीएचके:
सहलीसाठी पोराला हार्मोनची गोळी? हे जरा अति होतंय असं नाही वाटत?

चिवडा_कमी_शेंगदाणे:
तुम्ही ती दप्तरामागची चड्डी बघितली नाहीत. बाकी गोळीने बरं होत नाही, बंद केली की बहुतेकांचं परत सुरू होतं, हे मला माहितीये. आणि नियम कडक आहेत, गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळजवळ नाहीच, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते खरंच धोक्याचं. ताप-जुलाब असले तर त्या दिवशी गोळी नाही. म्हणून मेडिकलमधून परस्पर आणायची गोष्ट नाही ही.

बारीकसारीक:
सहमत. अजून एक, धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. सहा महिने पूर्ण कोरडं राहिलेलं मूल अचानक परत भिजवायला लागलं तर तीळ-गूळ करत बसू नका, लगेच दाखवा. लघवीला जळजळ, दिवसाही चड्डी ओली, रोज रात्री घोरणं, हेही सांगा. आणि खूप तहान लागतेय, वजन उतरतंय असं असेल तर त्याच दिवशी साखर तपासायची.

गादी_उन्हात:
सगळ्यांना एकदम उत्तर देते, दोन दिवस वेळच मिळाला नाही.

बाटली बघितली. सोमवारी जवळजवळ भरलेली परत, मंगळवारी तशीच. विचारलं तर म्हणाला शाळेतल्या बाथरूमला कडी लागत नाही. सहा वर्षांचं पोर कडी लागत नाही म्हणून दिवसभर तहानलेलं राहतंय आणि मी वर्षभर त्याच्या रात्री मोजत बसले होते. बाईंना चिठ्ठी दिलीय. शी दोन दिवसाआड, तेही लक्षात आलं, शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतलीय.

सासूबाईंशी बोलले. उठवणं बंद करायला त्या तयार नाहीत, पण चारचं बंद, बाराचं चालू, आणि बाराला दिवा लावून पूर्ण जागं करायचं, कुठे चाललास ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, एवढ्यावर तह झाला. पहिल्या रात्री त्याने "शाळेत" असं सांगितलं. 😅

अलार्म आत्ता नको, दिवाळीनंतर बघू. गावी रात्री पुल-अप पँट, आत्तेला सांगून ठेवलंय, ती त्याला तिच्याशेजारी दाराकडेला झोपवणार आहे आणि सकाळी पहिलं तीच उठवणार, बाकीच्या पोरांच्या आधी. नवऱ्याला विचारलं तू लहानपणी? तो म्हणाला छे. सासूबाई स्वयंपाकघरातून काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा बघू.

आता एकच सांगा, मेणकापडावर चादर रात्रभर सरकते आणि पोराची पाठ घामेजते, त्याला काय करता?

आज्जी_ऑनलाइन:
मेणकापडावर जुन्या सुती साडीची चौघडी घाल, तिच्या कडा गादीखाली चांगल्या खोच. घाम येत नाही आणि सरकतही नाही. ही तरी ऐक माझी.

बारीकसारीक:
ही शंभर टक्के ऐका.