शिलाई मशीन तारण म्हणून घरात आहे. बायबलमधला अनुवाद २४ वाचल्यापासून झोप नाही

निवृत्त सिस्टर, राहुरी

सर्वांना सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक बाई आहे, शिवणकाम करते. माझ्याहून पुष्कळ लहान, मला काकू म्हणते. नवरा वारला आहे. मुलगी बारावीनंतर नर्सिंगला लागली. मी तीस वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे पोरीच्या प्रवेशासाठी तिने पैसे मागितले तेव्हा मी मागेपुढे पाहिलं नाही. ३५,००० रुपये दिले. कागद नाही, व्याज नाही, दरमहा २,००० द्यायचे एवढंच तोंडी ठरलं.

सहा हप्ते वेळेवर आले. मग तिच्याकडे येणारं शाळेच्या गणवेशाचं काम गेलं, तयार गणवेश दुकानातून घ्यायचा नियम झाला म्हणे. तीन महिने हप्ता नाही. मी विचारलंही नाही. एक दिवस तीच रिक्षात मशीन घालून आली. पायाची मशीन, वरून मोटर बसवलेली. म्हणाली, "काकू, पैसे फिटेपर्यंत ही तुमच्याकडे असू द्या. उपासनेला तुमच्यासमोर बसवत नाही मला."

मी नको म्हटलं. पण जितकं म्हणायला हवं होतं तितकं नाही म्हटलं, हे इथे खरं सांगते. मनात कुठेतरी बरं वाटलं होतं. गेले अडीच महिने मशीन जिन्याखाली चादर टाकून ठेवली आहे.

मागच्या आठवड्यात महिला मंडळात शास्त्र वाचायची पाळी माझी होती. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चोविसावा अध्याय. सहावं वचन आलं: कोणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नका, तो त्या माणसाचा जीवच गहाण घेणं आहे. पुढे सतरावं वचन, विधवेचं वस्त्र गहाण घेऊ नका. ती समोर दुसऱ्या ओळीत बसली होती. पुढची वचनं मी कशी वाचली मला आठवत नाही.

आमचे हे म्हणतात, आपण तिच्या घरात शिरून काही उचललं नाही, तिने आपण होऊन आणून दिली, मग दोष कुठला? मुलगा पुण्याहून म्हणतो, मशीन देऊन टाक, पण उरलेल्या २३,००० चा कागद कर आणि तिच्या भावाला जामीन घे. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. २३,००० आम्हालाही थोडे नाहीत, पेन्शनवर घर चालतं.

तिने स्वखुशीने आणून दिली तरी हे वचन लागू होतं का? आणि मशीन परत केली म्हणजे पैशावर पाणी सोडायचं का?

हिशेबनीस, संगमनेर

सिस्टर, पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बरीच वर्षं बसलो आहे. मशीन जिन्याखाली आहे तोवर हप्ता येणार नाही. शिवणार कशावर?

आपला कायदाही हेच मानतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ६०. कोर्टाचा हुकूमनामा हातात असला तरी कर्जदाराचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं जप्त करता येत नाहीत. तुमचं तारण जप्तीतलं नाही, तिने दिलेलं आहे, त्यामुळे हे कलम तुम्हाला थेट बांधत नाही. पण त्यामागचा विचार बघा.

मात्र मुलाचं कागदाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. आणि व्याज म्हणजे सरसकट पाप असंही कोणी सांगू नये. मत्तय २५ मध्ये धनी चाकराला म्हणतोच की, पैसे सावकाराकडे ठेवायचे होतेस, व्याजासकट मिळाले असते.

मास्तर, जालना (संडे स्कूल)

ताई, तुम्ही अडखळलात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी ही वचनं मुलांना इतकी वर्षं शिकवतो आणि दरवेळी घाईने पुढे जातो.

आधी त्या जात्याबद्दल. आपल्या डोळ्यासमोर गोल जातं येतं, खुंटा धरून फिरवायचं. त्या काळच्या इस्राएलात घरोघरी होतं ते आपल्या पाट्या-वरवंट्याच्या जास्त जवळचं. खाली लांबट दगड, वर हातात धरून पुढे-मागे ढकलायचा दुसरा दगड. हिब्रूत त्या वरच्या दगडाला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'स्वार'. खालचा दगड जड, तो कोण नेणार? सावकाराला सोपं काय, तर वरचा उचलणं. तुमच्या घरातला नुसता वरवंटा कोणी नेला तर पाटा ठेवून काय उपयोग? पीठ रोज दळायचं, भाकर रोज करायची. त्या दिवशी संध्याकाळीच घर उपाशी. म्हणून 'जीव गहाण' हे शब्द. तिची मशीन म्हणजे तो स्वार आहे.

आता 'तिने स्वतः आणून दिली'. त्याच अध्यायात वचन १० आणि ११ पाहा. गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तोच ते बाहेर आणून देईल. म्हणजे शास्त्रात रीतसर गहाण म्हणजे ऋणकोने आपल्या हाताने आणून दिलेलंच. तुमच्या यजमानांनी ही अट पाळली, पण ती दहाव्या वचनाची. सहाव्या वचनातली मनाई घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याची खुशी तिथे विचारलेलीच नाही. अडलेला माणूस खुशीने काहीही आणून देतो.

पुढची दोन वचनं मला सगळ्यात विलक्षण वाटतात. गरिबाचं पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळताना परत दे, म्हणजे तो ते पांघरून झोपेल. निर्गम २२ मध्येही हेच, आणि तिथे देव विचारतो की तो दुसरं काय पांघरून झोपणार? व्यवहाराने विचार करा. रोज संध्याकाळी परत करायच्या वस्तूला तारण म्हणून काय किंमत उरते? वसुलीसाठी ती निरुपयोगी आहे. ती फक्त आठवण आहे, की तुझ्यामाझ्यात एक शब्द दिलेला आहे.

हे कोणी पाळत होतं का, असा प्रश्न येतो. आमोस हा संदेष्टा त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात रागावून सांगतो की लोक गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीजवळच पसरतात. आणि १९६० साली इस्राएलच्या किनाऱ्यावर, यावने-यामजवळच्या एका जुन्या किल्ल्यात एक खापर सापडलं, शाईने लिहिलेलं, इ. स. पू. सातव्या शतकातलं. कापणी करणाऱ्या एका मजुराचा तो अर्ज आहे. तो अधिकाऱ्याला सांगतो: मी माझी कापणी पुरी केली, धान्य कोठारात टाकलं, तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे साक्ष देतील. माझं वस्त्र मला परत मिळवून द्या. खापराच्या तुकड्यावर चौदा-पंधरा ओळी, विषय एकच, अंगावरचं कापड. मी त्याचा फोटो छापून वर्गात लावला आहे.

हिशेबनीस साहेब, मत्तय २५ बद्दल तुमचं खरं आहे, तिथे धंद्याचा पैसा आहे. पण लेवीय २५ आणि निर्गम २२ मधली व्याजबंदी अडलेल्या भावाला दिलेल्या पैशाची आहे. व्याजाचा हिब्रू शब्द 'नेशेख', मूळ धातू चावणे. ताईंनी व्याज घेतलं नाही, म्हणजे चावा घेतलेला नाही. फक्त दगड उचलून आणला गेला.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर सांगतो. पैशावर पाणी सोडा असं मी म्हणणार नाही, शास्त्रही म्हणत नाही. स्तोत्र ३७ मध्ये उसनं घेऊन परत न करणाऱ्याला दुर्जन म्हटलं आहे. २ राजे ४ वाचा. एका संदेष्ट्याच्या विधवेकडे सावकार आला, तिची दोन मुलं गुलाम म्हणून न्यायला. अलीशा या संदेष्ट्याने सावकाराला शिव्या दिल्या नाहीत, कर्ज विसर असंही तिला सांगितलं नाही. घरात काय आहे विचारलं. तेलाची एक बुधली होती. म्हणाला, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडी आणू नको. त्या एका बुधलीतल्या तेलाने सगळी भांडी भरली, तेव्हा म्हणाला: तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि तुझी मुलं जगा. सावकाराचे पैसे फिटले, पण तिचं कमावण्याचं साधन तिच्याच घरात राहिलं.

आणि रिकामी भांडी शेजाऱ्यांची होती, ताई. नाताळ जवळ येतोय. तुमच्या महिला मंडळात किती ब्लाउज, किती परकर, गायनवृंदाचे किती कपडे शिवायचे असतील? ती तुमची भांडी.

वाडीवाला, वसई

मास्तरांचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मला फक्त जामीनकीबद्दल बोलायचं आहे.

सिस्टर, भावाला जामीन घेऊ नका. आमच्या वडिलांनी चुलतभावासाठी एका पतसंस्थेत सही केली होती. काका हप्ते भरेना, मग दिसेना. नोटीस आमच्या दारात. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच. आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं वडील म्हणू शकले नाहीत. केळीची अर्धी वाडी गेली. आई त्या बाजूची खिडकी उघडत नसे.

नीतिसूत्रे २२ मध्ये लिहिलं आहे, जामीन राहू नको, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का जावं? सहाव्या अध्यायात तर सांगितलं आहे की अडकलाच असशील तर झोपू नको, पारध्याच्या हातून हरणासारखा निसटून जा. वडिलांना हे कोणी वाचून दाखवलं नव्हतं. बोललं होतं फक्त, "अरे, आपलाच माणूस आहे."

तरी एक सांगतो, कारण अलीकडे ते मला धीर देतं. उत्पत्ती ४३ मध्ये यहूदा बापाला म्हणतो, धाकट्या भावाला, बन्यामीनाला, मी जामीन, माझ्या हातून त्याला मागून घ्या. आणि पुढच्या अध्यायात खरंच वेळ येते तेव्हा तो पळत नाही, त्याच्या जागी मी गुलाम राहतो म्हणतो. जामीन राहायचं तर असं. तिच्या भावाला हे झेपणार आहे का, ते त्यालाच माहीत. तुम्ही त्याला त्या खड्ड्यात उतरवू नका.

हिशेबनीस, संगमनेर

जामीनकीबाबत मागे घेतो. आम्ही टेबलाच्या या बाजूने सही घेतो, त्या बाजूच्या खिडकीचं कधी कळत नाही.

कागदावर मात्र ठाम आहे. बाँड नको, साध्या वहीत दोघींच्या सह्या पुरे. घेतले किती, फिटले किती, राहिले किती. पैसे बुडण्याची भीती वाटायला लागली की माणूस पुढच्या गरजूला देणंच बंद करतो.

मास्तर, जालना (संडे स्कूल)

अगदी मान्य. अनुवाद १५ मध्ये हीच भीती आहे. सातव्या वर्षी कर्जं सोडायची असत, म्हणून ते वर्ष जवळ आलं की लोक हात आखडतील, आणि तसा विचारही मनात आणू नको असं तिथे बजावलं आहे. तरी हात आखडले गेलेच. पुढे हिल्लेल नावाच्या यहूदी गुरूने 'प्रोझबूल' म्हणून एक दस्त काढला. कर्ज न्यायसभेच्या हवाली करायचं, म्हणजे सातव्या वर्षी ते बुडत नाही. गरिबाला उसनं मिळत राहावं म्हणून केलेला कागद होता तो. वही करा, ताई.

निवृत्त सिस्टर, राहुरी

उशीर झाला लिहायला, माफ करा.

शनिवारी रिक्षा बोलावली. आमचे हे काही बोलले नाहीत, पण मशीनचं एक टोक त्यांनीच धरलं. तिच्या घरी पोचलो तर मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. ते दहावं वचन डोक्यात होतं, पाय आत पडेना. ती म्हणाली, "काकू, आत या की." मी म्हटलं, आधी मशीन जाऊ दे. मग तिने माझा हात धरून आत नेलं. आम्ही दोघी रडलो. तिची मुलगी सुट्टीवर आली होती, तिने चहा केला.

मी तिला सांगितलं की मशीन ठेवून घेतली ते चुकलं. ती म्हणाली, मीच आणली होती. मी म्हटलं, तू आणलीस, पण मी ठेवून घेतली.

वही केली. २३,००० लिहिले, हप्ता १,००० चा केला, पहिला हप्ता जानेवारीत. दोघींच्या सह्या झाल्या. जामीन कोणी नाही. मुलाला फोनवर सांगितलं, तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग बायकोच्या ड्रेसचं माप विचारून पाठवतो म्हणाला.

महिला मंडळातून आतापर्यंत अकरा ब्लाउज आणि गायनवृंदाचे चौदा झगे जमले आहेत.

एक मदत हवी. आमच्या जिन्याखाली ओल असते. अडीच महिन्यांत मोटरचा पट्टा कडक होऊन तडकला आहे, तो मला बदलून द्यायचा आहे. राहुरी किंवा श्रीरामपूरला जुन्या पायमशीनच्या मोटरचा पट्टा कुठे मिळेल, कोणाला माहीत असेल तर आजच कळवा. तिला सोमवारपासून कामाला बसायचं आहे.