परदेशात क्रेडिट कार्ड वापरताना : खान्देशकरांचे अनुभव

केळी, डाळ, ठिबक आणि चटईच्या धंद्यानिमित्त आखातात जाणारे व्यापारी, जर्मनीत शिकणारी मुले आणि त्यांच्याकडे राहायला जाणारे आईवडील, सुरतहून विमान पकडून सहलीला निघणारी मंडळी, उमराहला जाणारी कुटुंबे, अशी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून परदेशी जाणाऱ्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही. जाण्याआधी तिकीट आणि व्हिसा यांवर घरोघरी भरपूर चर्चा होते. कार्डावरील शुल्काचा विषय मात्र परत आल्यावर, स्टेटमेंट हातात पडल्यावरच निघतो.

हा धागा सुरू करताना चर्चेला आधार म्हणून एवढा हिशेब आधीच मांडून ठेवतो. बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातील खर्चाला 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलाबद्दल बँकेचे शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी बसतो. म्हणजे लाखभर रुपयांच्या खर्चावर 3,500 अधिक 630, असे 4,130 रुपये वरचे जातात. वरच्या श्रेणीच्या कार्डांवर मार्कअप दोन टक्क्यांच्या आसपास असला, तर हाच आकडा 2,360 होतो. काही मोजक्या कार्डांवर मार्कअप अजिबात नसतो. कोणत्या बँकेने किती मनस्ताप दिला यापेक्षा पैसा नेमका कुठे गळतो आणि तो कसा अडवता येतो, यावर आपण सर्वांनी लिहावे, ही विनंती.

रावेर, केळी निर्यात

आमचा माल आखाती देशांत जातो, त्यामुळे दुबईला वरचेवर जाणे होते. मार्कअपबद्दल सगळेच बोलतात, पण माझ्या पाहण्यात त्याहून मोठी गळती कार्डाच्या मशीनवरच होते, आणि ती आपल्या संमतीने होते. हॉटेलचा हिशेब चुकता करताना काउंटरवरचा मुलगा कार्ड टॅप करतो आणि पडद्यावर दोन रकमा येतात, एक भारतीय रुपयांत आणि एक दिरहममध्ये. रुपयांचा आकडा ओळखीचा असल्यामुळे बोट आपोआप तिकडे वळते. पुष्कळदा तर तो मुलगाच आपल्याला न विचारता रुपयांचे बटण दाबून मोकळा होतो. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत विनिमयाचा दर आणि त्यात मिळवलेली टक्केवारी दिलेली असते, पण मागे रांग उभी असताना चष्मा काढून ती वाचण्याचे भान कोणाला राहते?

दिरहमची एक सोय मात्र आहे. 1997 पासून एका डॉलरला 3.6725 दिरहम हा भाव बांधलेला आहे, म्हणून त्या दिवशीचा डॉलरचा भाव ठाऊक असला की दिरहमचा खरा भाव उभ्या उभ्या काढता येतो. आम्हाला डॉलर रोज पाहावाच लागतो, त्यामुळे मी हा ताळा करून पाहिला आहे; मशीनने देऊ केलेला रुपयांचा दर चार-पाच टक्क्यांनी महाग निघाला, आणि ही रक्कम बँकेच्या मार्कअपइतकीच किंवा त्याहून थोडी अधिक भरते.

रुपयांत बिल केले की आपल्या बँकेचे शुल्क वाचते, असा आपल्याकडे पक्का समज आहे, तोही तपासून घ्यावा. दुकानदार परदेशातील असल्यामुळे कितीतरी बँका अशा रुपयांतील व्यवहारावरही एक टक्क्याच्या आसपास वेगळे शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. म्हणजे महाग दरही आपण सोसायचा आणि शुल्कही आपणच भरायचे.

म्हणून कार्ड देतानाच ‘दिरहममध्ये करा’ असे मी सांगतो. तरीही पावतीवर रुपये उमटले, तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावतो. ग्राहकाला पर्याय दिल्याशिवाय चलन बदलता येत नाही, असा व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही नेटवर्कचा नियम आहे. दुकानदार अडून बसला, तर पावती जपून ठेवावी आणि परत आल्यावर बँकेकडे लेखी हरकत नोंदवावी. अल अवीरच्या फळबाजारात किरकोळ खर्चाला मात्र रोख दिरहमच बरे पडतात.

नंदुरबार, शिक्षिका

आम्ही मैत्रिणी सुरतहून बँकॉकला गेलो होतो. रावेरच्या भाऊंनी चलनाविषयी लिहिले तेच तिथे एटीएमवरही घडते. यंत्र ‘रूपांतरासह’ आणि ‘रूपांतराविना’ असे दोन पर्याय दाखवते, त्यांतला दुसरा घ्यावा. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढूच नये. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने पैसे काढताना तिथली बँक दर वेळी दोनशे बाटांहून अधिक ठरावीक शुल्क कापते, मग आपण थोडी रक्कम काढा की जास्त. त्यावर आपल्या बँकेचे रोख उचलीचे शुल्क येते, जे साधारणपणे अडीच टक्के असते आणि त्याला किमान रकमेची अट असते. वर मार्कअप आणि जीएसटी आहेतच. शिवाय खरेदीवर जी बिनव्याजी मुदत मिळते ती रोख उचलीला मिळत नाही. व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

बाजारहाट, टुकटुक आणि रस्त्यावरचे खाणे यांसाठी आम्ही बाट आधीच बदलून नेले होते. कार्ड फक्त हॉटेल आणि मोठ्या दुकानांत काढले. काही लहान दुकानदार कार्ड घेतो म्हणतात आणि वर तीन टक्के मागतात, तिथे सरळ रोख द्यावी.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

परदेशी शुल्क भरण्यासाठी परदेशात जावेच लागते असे नाही, हे मुलाच्या प्रवेशाच्या वेळी लक्षात आले. जर्मनीतील अनेक विद्यापीठांचे अर्ज ‘युनी-असिस्ट’मार्फत जातात आणि त्यासाठी पहिल्या अर्जाला 75 युरो, पुढच्या प्रत्येक अर्जाला 30 युरो भरावे लागतात. भुसावळच्या घरात बसून भरलेल्या या प्रत्येक रकमेवर मार्कअप लागला. एका अर्जापुरते ते किरकोळ वाटते. मात्र परीक्षेची फी, कागदपत्रांचा खर्च आणि मुलाच्या खोलीचे आगाऊ भाडे असे सगळे एकाच कार्डावरून गेले की बेरीज डोळ्यांत भरते.

आमच्या घरात पगाराची स्लिप आता कोणाकडेच नाही, आणि शेतीच्या उत्पन्नावर बँका चांगले कार्ड सहजासहजी देत नाहीत. अशांसाठी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा चांगला मार्ग आहे, आणि त्यांतील काही कार्डांवर मार्कअप शून्य असतो. ठेवीवरचे व्याज चालूच राहते आणि ठेवीच्या प्रमाणात मर्यादा मिळते. आम्ही तसेच केले. अर्ज करताना मात्र शुल्कांचा तक्ता स्वतः वाचावा, कारण या कार्डांच्या अटी वरचेवर बदलतात आणि शाखेतील माणसाला ताजी अट ठाऊक असेलच असे नाही.

पुढे आम्ही दोघे मुलाकडे राहायला गेलो तेव्हा वेगळीच गंमत दिसली. एवढा पुढारलेला देश, पण पाव घ्यायला बेकरीत गेलो तर बाई मान हलवून नाही म्हणते, कारण तिच्याकडे फक्त ‘गिरोकार्ड’ चालते, म्हणजे तिथल्या बँकांचे डेबिट कार्ड. मोठ्या दुकानांत आपले कार्ड बिनदिक्कत चालले, आणि रेल्वेच्या तिकीट यंत्राने कार्ड घालताच पिन मागितला. रेल्वेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण त्या यंत्रासमोर मी गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. एका खिशात पन्नास-साठ युरो रोख आणि पिन पाठ, एवढी तयारी तिथे पुरते.

धुळे, कापड व्यापार

उमराहच्या प्रवासातील हॉटेलविषयी लिहितो. सौदीत एका डॉलरला 3.75 रियाल असा भाव बांधलेला आहे, त्यामुळे रावेरच्या भाऊंचा ताळा तिथेही तसाच चालतो. मक्केतील हॉटेलात खोली घेताना अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. ती खर्ची पडत नाही, पण तेवढी मर्यादा गोठते आणि खोली सोडल्यावरही मोकळी व्हायला दिवस लागतात. मर्यादा लहान असेल तर ऐन परतीच्या वेळी कार्ड नाकारले जाते. यासाठी अनामतीला एक कार्ड आणि खर्चाला दुसरे, अशी विभागणी आम्ही ठेवतो.

काउंटरवर एक प्रश्न जरूर विचारावा, तो म्हणजे रक्कम नुसती अडवणार आहात की घेऊन नंतर परत करणार आहात. घेऊन परत केली, तर जाताना एक दर आणि येताना दुसरा दर लागतो, आणि जाताना लागलेला मार्कअप बहुधा परत येत नाही. सेवा न घेताच शुल्क भरल्यासारखे ते होते.

चाळीसगाव, कर सल्लागार

शून्य मार्कअपचे कौतुक वाचतो आहे, त्यात थोडी भर घालावीशी वाटते. दोन टक्के मार्कअपचे कार्ड जीएसटीसह 2.36 टक्क्यांना पडते. त्याच कार्डावर परदेशी खर्चाला तीन टक्क्यांहून अधिक मोलाचे रिवॉर्ड पॉइंट मिळत असतील आणि आपण ते खरोखर वापरत असू, तर ते शून्य मार्कअपच्या कार्डाहून फायद्याचे ठरते. अट ‘खरोखर वापरत असू’ ही आहे. माझ्या अशिलांपैकी बहुतेकांचे पॉइंट मुदत संपून वाया जातात, त्यामुळे त्यांना मी शून्य मार्कअपच सुचवतो.

फॉरेक्स कार्डाविषयी, म्हणजे परकीय चलन आधीच भरून नेण्याच्या कार्डाविषयी, विचारणा होते म्हणून लिहितो. त्यात दर आधी बांधला जातो, हा त्याचा गुण. भरलेल्या चलनाखेरीज दुसऱ्या चलनात खर्च केला की वेगळे शुल्क लागते, हा दोष. कराच्या अंगानेही फरक आहे. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत धरली जाते, आणि आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेल्यास टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच गोळा केला जाणारा कर, लागतो. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्चही या मर्यादेत आणण्याची अधिसूचना मे 2023 मध्ये निघाली होती, पण 28 जून 2023 रोजी सरकारने ती अंमलबजावणी पुढे ढकलली. त्यामुळे तो खर्च आज या योजनेबाहेर आहे आणि त्यावर टीसीएस नाही. आपल्याकडील बहुतेक सहली दहा लाखांच्या आतच बसतात, तेव्हा यावरून झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

अमळनेर, संगणक क्षेत्रात नोकरी

निघण्याआधीचे एक काम कोणी लिहिले नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे 2020 पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू करून मिळतात; आंतरराष्ट्रीय वापर आपण ॲपमधून चालू करावा लागतो. तिथेच दुकान, ऑनलाइन, टॅप आणि एटीएम यांची वेगवेगळी बटणे आणि मर्यादा असतात. मी दुकान आणि टॅप चालू ठेवतो, एटीएम बंद ठेवतो आणि ऑनलाइन गरजेपुरतेच उघडतो, कारण बऱ्याच परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न विचारताच पैसे जातात. परत उतरल्यावर सगळे पुन्हा बंद. भारतीय सिम मात्र रोमिंगवर चालू असावे, म्हणजे बँकेचे संदेश मिळत राहतात.

दराची पडताळणी घरबसल्या होते. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या संकेतस्थळांवर दिवसनिहाय दर पाहण्याची सोय आहे आणि तिथे बँकेचे शुल्क टक्क्यांत घातले की अंदाजे रुपये निघतात. स्टेटमेंटमधील आकडा थोडा वेगळा दिसू शकतो, कारण दर सहसा व्यवहार बँकेत नोंदला जातो त्या दिवसाचा लागतो. शुल्क आणि जीएसटी यांच्या ओळी काही बँका वेगळ्या दाखवतात, काही शुल्क मूळ रकमेतच मिळवून टाकतात. दुसऱ्या प्रकारात हा हिशेब केल्याशिवाय किती लागले ते कळतच नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. यूपीआयविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये श्रीलंका आणि मॉरिशस येथे ही सेवा सुरू झाली, पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठीही ती घेतली जाऊ लागली, आणि दुबईतील काही दुकानांतही ती चालते. यांपैकी कुठेही ज्यांनी यूपीआयने पैसे दिले असतील, त्यांनी रुपयांत नेमकी किती रक्कम कापली गेली आणि त्या दिवशीच्या कार्डाच्या दराशी ती ताडून पाहता काय निघाले, ते आकड्यांसह लिहावे.