शब्दचर्चा: टक्सिडो, डिनर जॅकेट की नुसताच काळा सूट?

प्रश्न: जेम्स बाँडच्या कपड्यांवर लेख लिहितोय. 'टक्सिडो'ला मराठीत काय लिहावं? 'काळा सूट' चालेल का? आणि 'मिडनाइट ब्लू', 'शॉल कॉलर', 'कमरबंड' यांचं काय करायचं? टक्सिडो, टक्सेडो, टक्सीडो अशी तिन्ही रूपं छापलेली दिसतात.

उत्तर: 'काळा सूट' नको. काळा सूट ऑफिसातही घालता येतो, टक्सिडो संध्याकाळनंतरच. ओळखायची खूण म्हणजे अतलस, म्हणजे चकचकीत सॅटिन. कोटाची छातीवर उलटलेली पट्टी, म्हणजे लॅपल, अतलसीने किंवा तशाच रेशमी कापडाने मढवलेली असते. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर वरपासून खालपर्यंत तीच पट्टी, आणि गळ्यात लांब टाय नाही, बो.

शब्द अमेरिकन आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सिडो पार्क या श्रीमंतांच्या वसाहतीवरून तो आला. तिथला क्लब १८८६ सालचा. कोट मात्र त्याआधीचा आणि लंडनचा: हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीने १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी शेपटी नसलेला आखूड कोट शिवला, घरगुती जेवणावळीत घालायला. इंग्रज त्याला 'डिनर जॅकेट' म्हणतात. बाँड इंग्रजांचा हेर, त्यामुळे त्याच्या तोंडी 'डिनर जॅकेट'च हवं. निवेदनात 'टक्सिडो' लिहा, वाचकाला तोच शब्द माहीत आहे. (फ्रेंच, जर्मन आणि इटालियन लोक याच कोटाला 'स्मोकिंग' म्हणतात. इंग्रजीत 'स्मोकिंग जॅकेट' म्हणजे घरात घालायचा मखमली कोट. तिथून भाषांतर करणारे हमखास फसतात.)

उत्तर: अतलसीची खूण सगळीकडे लागू पडत नाही. 'गोल्डफिंगर' (१९६४) ची सुरुवात आठवा. शॉन कॉनरी पाण्यातून बाहेर येतो, पाणबुड्याच्या पोशाखाची चेन खाली ओढतो, आत पांढरा डिनर जॅकेट, आणि वर कार्नेशनचं तांबडं फूल खोचतो. त्या पांढऱ्या कोटाची लॅपल कोटाच्याच कापडाची आहे, अतलस नाही. उष्ण हवेतल्या पांढऱ्या डिनर जॅकेटची रीतच तशी. आणि तो शुभ्र नसतो. हस्तिदंती म्हणा. साडीच्या दुकानात 'मोतिया' म्हणतात, तेही चालेल.

उत्तर: लेखात दशकं येणार असतील तर 'टक्सिडो' हा एकच शब्द पुरणार नाही, कारण दर वेळी बदलली ती लॅपल. तिचे तीन प्रकार: शाल (एकसंध, गोलाकार), टोकदार आणि खाचेची. 'शॉल कॉलर'ला सरळ 'शालकॉलर' लिहा, शाल आपल्याला परकी नाही.

पहिल्याच 'डॉ. नो' (१९६२) मध्ये शालकॉलर आहे आणि बाहीच्या टोकाला अतलसीचा उलटवलेला कफ. हा कफ मला फार आवडतो. जुगाराच्या टेबलावरच्या त्या प्रवेशात कॅमेरा आधी पाठ दाखवतो, पत्ते हाताळणारे हात दाखवतो, चेहरा नंतर. म्हणजे बाँडच्या आधी प्रेक्षकाला त्याची बाही भेटते! कोट अँथनी सिंक्लेअर यांचा. ते दिग्दर्शक टेरेन्स यंग यांचे शिंपी, यंग यांनीच कॉनरीला त्यांच्याकडे नेलं.

पुढचा बाँड जॉर्ज लेझनबी १९६९ मध्ये झालरीचा शर्ट घालून आला. त्या काळाची फॅशन, दुसरं काय. रॉजर मूरने 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) मध्ये डबल ब्रेस्ट (पुढे बटणांच्या दोन रांगांचा कोट) घातला. 'डबल ब्रेस्ट' तसाच ठेवा, आपले शिंपीही तेच म्हणतात. 'ऑक्टोपसी' (१९८३) मध्ये त्याचा हस्तिदंती कोट उदयपूरला पोचला, फाशांच्या डावाला. मूरनंतरच्या टिमथी डाल्टनचा (१९८७) तर कामाचा कोट: लॅपल दुमडून चिकटवली की शर्टाचा पांढरा भाग झाकला जातो, अंधारात नेम धरायला मोकळा. त्याच्या जागी आलेल्या पिअर्स ब्रॉस्ननपासून, म्हणजे १९९५ च्या 'गोल्डनआय'पासून, ब्रिओनी हे इटालियन नाव आलं.

प्रश्नकर्ता: 'मिडनाइट ब्लू' राहिला. 'मध्यरात्री निळा' लिहिलं होतं, वाचायला भयंकर वाटतं.

उत्तर: 'काळपट निळा'. 'काळानिळा' मात्र चुकूनही नको, हाणामारीतून आल्यासारखा वाटेल. (बाँडच्या बाबतीत तेही खोटं नाही म्हणा.) जाणकारांच्या मते दिव्याच्या उजेडात काळं कापड हिरवट-विटकं दिसतं आणि हा निळा काळ्याहून काळा. कॉनरीचा १९६२ चा कोट याच रंगाचा होता, आणि 'स्कायफॉल' (२०१२) मध्ये मकावच्या कॅसिनोत डॅनियल क्रेगचाही. दोन्ही शालकॉलर. पन्नास वर्षांनी गाडी मूळ पदावर आली.

उत्तर: क्रेगचा विषय निघालाच आहे तर 'कसिनो रोयाल' (२००६) बघा. नायिका वेस्पर त्याच्यासाठी परस्पर डिनर जॅकेट शिवून आणते. तो म्हणतो, माझ्याकडे आहे की. ती सुचवते, कोटाकोटांत फरक असतो. मग तो विचारतो, हा बेतलेला कसा, आणि ती म्हणते की भेटल्याक्षणीच तुला जोखलं होतं. मूळ इंग्रजीत जोखणं आणि कपड्याचं माप यांवर श्लेष आहे. मराठीत तो जवळजवळ आयता मिळतो: शिंपी माप घेतो, आणि बोलणारा समोरच्याची मापं काढतो. 'भेटलास तेव्हाच माप काढलं तुझं' हे मला मूळ संवादापेक्षा खमंग वाटतं.

उत्तर: 'मापं काढणे'त कुचेष्टा जास्त आहे. पण वेस्पर त्या आगगाडीतल्या पहिल्या भेटीत कुचेष्टाच करते, तेव्हा बसतं.

प्रश्नकर्ता: आणि कमरबंड?

उत्तर: 'कमरबंड' लिहून आपलाच शब्द विलायती उच्चारात परत का घ्यायचा? मूळ फारसी 'कमरबंद', हिंदुस्थानातल्या गोऱ्या अंमलदारांनी तो कमरेच्या पट्ट्यासकट उचलला. तेव्हा 'कमरबंद'. चुण्या वरच्या बाजूला उघडतील असा बांधतात, हे लेखात घालायला हरकत नाही. 'कंबरपट्टा' मात्र लिहू नका, वाचकाला बाँडच्या जागी नवरी दिसेल.