नवख्याला तयार करताना तुम्हाला काय मिळालं?

नवख्या माणसाला हाताशी धरून तयार केलं की त्याचं भलं होतं, हे सगळेच जाणतात. तयार करणाऱ्याच्या पदरात काय पडतं, यावरचं बोलणं मात्र "समाधान मिळतं" इथेच थांबतं. मला त्यापुढचं ऐकायचं आहे. तुमच्या कामात काय बदललं? कोणती गोष्ट एरवी तुम्हाला कळलीच नसती? नोकरी, कारखाना, इस्पितळ, घर, कुठलाही अनुभव चालेल. तपशिलात लिहा, घाई नाही.

परिचारिका, अतिदक्षता विभाग

माझ्या हाताखाली आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मॉनिटरवर सगळं ठीक होतं, तरी पेशंट बिघडणार हे तुम्हाला कसं कळलं?" सवयीने कळतं, हे उत्तर तिच्या काय कामाचं? मग तशी शंका आली की मी तिथल्या तिथे तिला कारणं मोठ्याने सांगायला लागले. श्वास जलद झालाय. चादर ओढतोय. हात गार आणि ओलसर लागताहेत. सकाळी नीट बोलत होता, आता एका शब्दात उत्तर देतोय.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकांच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. शेवटच्या पायरीवरची परिचारिका नियम आठवत बसत नाही, तिला एकूण परिस्थितीच एका नजरेत समजते. हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच आपल्याला काय दिसलं ते दुसऱ्याला सांगणं तिला जड जातं. त्या मुलीच्या प्रश्नांमुळे माझं सांगणं सुधारलं. पूर्वी मी डॉक्टरांना "हा पेशंट मला बरा दिसत नाही" म्हणायचे, आणि ते "बघतो" म्हणायचे. आता म्हणते, "श्वास १८ वरून २६ वर गेलाय, बोलणं गोंधळलेलं आहे." ते लगेच येतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या शब्दाला एवढं वजन कधी आलं नव्हतं, आणि ते तिच्यामुळे आलं.

सॉफ्टवेअरवाला

ताईंशी शंभर टक्के सहमत. १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्डमध्ये एक प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतात, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

जुन्या टीममध्ये प्रत्येकाच्या डोक्यात असे सूर चालू असतात. आमच्याकडे आलेल्या मुलाने विचारलं, "सर, हा रिपोर्ट रोज रात्री कोणासाठी तयार होतो?" शोध घेतला, तर वाचणारं कोणी उरलंच नव्हतं. बंद केला. असे प्रश्न नवा माणूसच विचारू शकतो.

एक आई

माझी आठवीतली मुलगी स्वतःसाठी विज्ञानाचं पुस्तक उघडत नाही, धाकट्या भावाला समजावायचं असलं की आदल्या रात्री वाचून ठेवते. यावर २००९ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अभ्यास केल्याचं नंतर वाचलं. संगणकावरच्या एका पात्राला आपल्याला शिकवायचं आहे असं समजलेल्या मुलांनी, फक्त स्वतःसाठी शिकणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला आणि ती जास्त शिकली. अभ्यासात मागे असणाऱ्या मुलांमध्ये हा फरक अधिक दिसला. शिकवण्याचं काम आपण नेहमी वर्गातल्या हुशार मुलालाच का देतो?

दारू सोडलेला

लिहू की नको असं चाललं होतं, पण माझ्या बाबतीत हा प्रश्न जगण्याचाच आहे.

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फसलं आणि हॉटेलात त्याला पुन्हा पिण्याची ओढ लागली. त्याने फोन फिरवले ते आपल्यासारखाच दुसरा कोणी शोधण्यासाठी. त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्याची संस्था उभी राहिली. डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा संस्थेचा स्थापना दिन मानतात. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्याआधीची. विल्सन महिनोन्‌महिने इतर दारुड्यांना सावरायला धडपडला होता आणि त्यातल्या एकाचीही सुटली नव्हती. पण तो स्वतः त्या काळात प्यायला नव्हता.

मी ज्यांचा स्पॉन्सर, म्हणजे संस्थेतला हात धरणारा जुना सोबती, झालो, त्यातले काही पुन्हा प्यायला लागले. फार वाईट वाटतं. रात्री फोन येतो, पलीकडे रडणं असतं. मी म्हणतो, "आजची रात्र काढ, उद्याचं उद्या बघू. मी फोन ठेवत नाही." तेच शब्द माझ्याही कानावर पडत असतात. त्या रात्री तो प्यायला असेल किंवा नसेल, मी प्यायलेलो नसतो.

गणिताचा शिक्षक

वरच्या दादांना मनापासून नमस्कार. माझं थोडंसंच. आपल्याहून हुशार विद्यार्थी मिळाला की काही शिक्षक त्याला दाबतात, हे मी पाहिलं आहे आणि त्याची मला चीड येते. गणिताला तुमचं सर्वांत मोठं योगदान कोणतं, असं गणिती पॉल एर्डिश यांनी विचारल्यावर जी. एच. हार्डी यांनी रामानुजन यांचा शोध, असं उत्तर दिलं होतं. स्वतः एवढे मोठे गणिती असून! माझा एक विद्यार्थी आज जे गणित करतो त्यातलं निम्मं मला झेपत नाही. तो आपला शोधनिबंध पाठवतो, मी प्रस्तावना पुन्हा पुन्हा वाचतो, आणि तो दिवस माझा फार आनंदात जातो.

मनुष्यबळ विभागात काम करणारा

एक वेगळा सूर लावतो. एका कंपनीत आम्हाला यादी करून जुन्या-नव्या माणसांच्या जोड्या लावून दिल्या होत्या. महिन्याला एक भेट, भेटीनंतर फॉर्म. बहुतेक जोड्यांत कोणालाच काही मिळालं नाही. संशोधक कॅथी क्रॅम यांनी १९८३ साली शिकवणारा आणि शिकणारा यांच्या नात्याचे चार टप्पे सांगितले होते: सुरुवात, जोपासना, वेगळं होणं आणि मग नव्याने जुळणं. आमच्या जोड्या पहिल्यातच अडकल्या. दोघांनाही एकाच कामाची ओढ असल्याशिवाय यातलं काही घडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

निवृत्त टर्नर

साहेब, तुमचा तो चौथा टप्पा मी सध्या जगतोय. पोरगा लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर, माझ्या हाताखाली आला तेव्हा मी त्याला आधी कान लावायला शिकवलं. टूल बोथट झालं की कापण्याचा आवाज बदलतो. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, थरथरला की पृष्ठभागावर लाटा उमटतात. पुढे तो दुसरीकडे गेला, मधे काही वर्षं बोलणं नव्हतं. आता तो सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, मशीनवर आहे. फिनिश येत नसली की फोन करतो, "काका, काय करू?" मी फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, विचारतो, टूल किती बाहेर काढलंय ते विचारतो, आणि बहुतेक वेळा तिथेच गाठ सुटते.

त्याच्या बदल्यात तो मला प्रोग्रॅम वाचायला शिकवतोय. जी०० म्हणजे न कापता झरकन सरकायचं, जी०१ म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ रेषेत कापत जायचं. एवढं पक्कं झालंय. रविवारी जी०२ सांगणार आहे, गोलाई कापायचा.