झाडीपट्टीत स्थानिक नटांसाठी या
झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांच्या यंदाच्या हंगामात मुंबईचे कोणते कलाकार येणार, एवढ्यावरच सगळी चर्चा चालली आहे. मला मात्र स्थानिक नटांबद्दल सांगायचंय. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात, हलका (लवकर पिकणारा) धान घरात आलेला असतो, आणि वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांच्या गाड्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावोगावी निघतात. रात्री उशिरा पडदा उघडतो तो थेट पहाटेपर्यंत! ऑर्गन-तबला समोर, गाणी तिथल्या तिथे गायलेली. इथलेच नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती याच मातीतल्या नाट्यसेवेसाठी. येताना जाड चादर आणाच. आणि लावणी झाली की उठू नका, खरा अभिनय पुढच्या अंकांत बघायला मिळतो.