स्ट्रीट क्लासमध्ये ईसीयू ट्यून उघडपणे चालू द्यावं का?

कोनकापू

डोकं तापलेलं असताना लिहितोय, सांभाळून घ्या.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑटोक्रॉस म्हणजे विमानतळाची जुनी धावपट्टी किंवा भलंमोठं पार्किंग, त्यावर नारिंगी कोन मांडून आखलेली नागमोडी वाट, आणि एका वेळी सुटणारी एकच गाडी. मिनिटभराचा मामला. कोन पडला की वेळेत दोन सेकंद मिळवतात. इकडे अमेरिकेत हे बहुतेक ठिकाणी एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) क्लबच्या नियमांनी चालतं. आपली रोजची गाडी घेऊन गेलात तर ती स्ट्रीट गटात बसते. टायर किमान २०० ट्रेडवेअरचे (झिजण्याचा आकडा; कमी म्हणजे मऊ, चिकट) हवेत. शॉक कुठलेही घाला, वळणावर गाडी झुकू न देणारा पुढचा किंवा मागचा एक अँटिरोल बार बदला, धूर साफ करणाऱ्या कॅटच्या मागचा एक्झॉस्ट बदला, चालतं. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, मात्र हात लावायचा नाही. ट्यून करायचंय, म्हणजे त्यातली फाइल बदलायचीय? मग जास्त बदल चालणाऱ्या स्ट्रीट टूरिंगमध्ये जा.

आता परवाचा रविवार. मी आणि आणखी एक जण, दोघांच्याही २०१७ च्या मियाटा (माझ्दाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार), दोघेही स्ट्रीटमध्ये. या गाडीचा लिमिटर (इंजिनाला त्यापुढे फिरू न देणारी मर्यादा) ६,८०० आरपीएमला लागतो, म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ५७ मैलांच्या आसपास. कोर्सवर शेवटच्या स्लॅलमआधी (कोनांमधून डावी-उजवी) एक लांब सरळ पट्टा होता. तिथे माझी गाडी दर रनला टर्रर्र करून अडायची. तिसरा टाकावा तर लगेच ब्रेक मारून परत दुसरा. न टाकावा तर सेकंदभर नुसतं भिंतीला डोकं.

दुपारच्या हीटला (गाड्यांच्या फेरीला) कोन उचलायची पाळी माझी. हातात लाल झेंडा, उभा नेमका त्याच पट्ट्याच्या टोकाला. त्याची गाडी आली तेव्हा कान टवकारून ऐकत होतो. दुसऱ्या गिअरमध्येच सूर चढत गेला, माझी जिथे अडते तिथून पुढे, अजून पुढे, आणि तशीच स्लॅलममध्ये शिरली. टर्र नाही की गिअर नाही. चारही रनला तेच. ०.२१४ सेकंदांनी हरलो.

प्रोटेस्ट टाक म्हणाल. पैसे भरून लेखी तक्रार द्यायची असते, तेही जमलं असतं. पण ऐंशी माणसांचा क्लब. सकाळी माझे पाडलेले कोन हाच माणूस धावत जाऊन उभे करत होता. आणि सिद्ध काय करणार? लॅपटॉप लावला की स्टॉक, म्हणजे कंपनीची, फाइल परत आत. बॉनेट उघडून बघा, काहीही दिसणार नाही.

माझं म्हणणं एवढंच: जो नियम तपासताच येत नाही, तो फक्त पाळणाऱ्याला बांधून ठेवतो. काढून टाका. ट्यूनला काहीशे डॉलर लागतात, चांगल्या टायरच्या एका सेटला त्याहून जास्त लागतात. ज्याला करायचं तो करेल.

पॉपकॉर्नवाला

जागा पकडून ठेवतो. नियमबुवा येतीलच.

नियमबुवा

आलो. 🙂

कोनकापू, तुझी चिडचिड समजते, उपाय अजिबात पटला नाही.

तू मियाटावाला आहेस म्हणून तुला ट्यून म्हणजे वर सरकवलेला लिमिटर आणि थोडा मोकळा थ्रॉटल एवढंच दिसतंय. टर्बो नसलेल्या इंजिनाला नुसत्या सॉफ्टवेअरने मिळून मिळून किती मिळणार? पाच-दहा एचपी, तेही ताकद मोजणाऱ्या डायनोवाल्याच्या उदारपणावर. पण स्ट्रीट गटात टर्बोवालेही बसतात. फोक्सवॅगनची मार्क ७ गोल्फ जीटीआय कारखान्यातून २१० एचपीची यायची. एक पानाही न फिरवता, फक्त फाइल बदलून, ती ३०० च्या जवळपास जाते. कारण तिथे फाइल फक्त इग्निशनचं टायमिंग बदलत नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाबच वाढवते. टर्बोत दम होताच, कंपनीने तो राखून ठेवला होता.

म्हणजे तू दार उघडलंस की पुढच्या सीझनला तुझ्या मियाटाची ०.२१४ राहिली बाजूला, सगळ्या वर्गांची वाटणीच नव्याने करावी लागेल. कुठली गाडी कुठल्या वर्गात, हे ठरतं ती स्टॉक असताना किती पळते यावर. स्ट्रीट टूरिंगमध्ये ट्यूनला परवानगी देतानासुद्धा बूस्ट मुद्दाम वाढवायला मनाई ठेवली आहे. ती काही उगाच नाही.

दुसरं, 'तपासता येत नाही' हे स्थानिक इव्हेंटपुरतं खरं. नेब्रास्कातल्या लिंकनला सप्टेंबरात नॅशनल्स होतात, हजारावर ड्रायव्हर येतात. तिथे रन संपल्या की गाड्या इम्पाउंडमध्ये उभ्या राहतात, प्रोटेस्टची मुदत संपेपर्यंत. लॅपटॉप घेऊन गाडीत बसलास तर शंभर डोळे तुझ्यावर असतात. आपल्या गावच्या पार्किंगमध्ये तेवढी शिस्त नाही, तर शिस्त आणा की. नियम कशाला काढता?

टर्बोताई

मी ती जीटीआयवाली. म्हणजे बुवांच्या उदाहरणातली जवळजवळ मीच.

दोन वर्षांपूर्वी गाडी सेकंडहँड घेतली. पहिल्या दोन इव्हेंटना स्ट्रीटमध्ये उतरले, मजेत. तिसऱ्याला ग्रिडवर (सुटायच्या रांगेत) शेजारचे काका म्हणाले, 'ही गाडी फारच खेचते गं.' मला कौतुक वाटलं! नंतर सर्व्हिसला नेली तर तिथला माणूस म्हणाला, ईसीयूमधली फाइल कंपनीची नाही, आधीच्या मालकाने केलेली दिसते. मला पत्ताच नव्हता. स्टॉक जीटीआय कशी चालते हे मी कधी अनुभवलंच नव्हतं, तुलना कशाशी करणार?

प्रामाणिकपणे क्लबला जाऊन सांगितलं. बक्षीस काय मिळालं? स्ट्रीट टूरिंग. तिथे सगळ्यांना कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन), रुंद रिम, मांडीवर घेऊन बसावं असे बकेट सीट. माझ्या गाडीत यातलं काहीच नाही, फक्त कुणा अनोळखी माणसाने भरलेली एक फाइल. शेवटून दुसरी येते. कधी कधी शेवटची.

तेव्हा बुवा, तुमचा नियम बरोबर असेल, पण एक फाइल असलेल्या माणसासाठी तुमच्या वाड्यात खोलीच नाही. एकतर ओसरीवर नाहीतर थेट माजघरात.

नियमबुवा

ताई, वाड्याचं चित्र आवडलं. पण स्टॉक फाइल परत भरता येते ना? आणि वर्गांची तुलना करायला पॅक्स इंडेक्स, म्हणजे दर वर्गाचा ठरलेला गुणक, आहेच, वेळेला गुणून बघायचं.

टर्बोताई

भरता येते. ज्या दुकानाने भरली त्याचं नाव माहीत नाही, नवीन दुकान वेगळे पैसे मागतं. म्हणजे दुसऱ्याने केलेली चूक निस्तरायला मी पैसे मोजायचे. आणि पॅक्सचं म्हणाल तर तो गुणक त्या वर्गाची गाडी पूर्ण तयार आहे असं धरून काढलेला असतो. अर्धवट तयार गाडीला त्याचा काय उपयोग? उलट जखमेवर मीठ.

(+१ देणाऱ्यांनी कृपया पैसेही द्यावेत. ह. घ्या.)

सोल्डरिंग

पेशाने एम्बेडेडवाला (यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणारा), म्हणून राहवत नाही. 'तपासता येत नाही' हे अर्धसत्य आहे.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांना स्टीअरिंगखाली ओबीडी-टू पोर्ट असतो. अलीकडच्या गाड्यांत त्या पोर्टवर दोन गोष्टी विचारता येतात: आतल्या कॅलिब्रेशनचं (म्हणजे त्या फाइलचं) नाव, आणि सीव्हीएन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरवरून काढलेला पडताळणी आकडा. फाइल बदलली की आकडा बदलायला हवा. एकाच वर्षाच्या दोन मियाटांना एकाच कॅलिब्रेशनखाली दोन वेगळे आकडे आले तर कुठेतरी पाणी मुरतंय. स्वस्तातला स्कॅनरही बऱ्याचदा हे वाचतो, दोन मिनिटांचं काम. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये (धूर तपासणीत) बदललेलं सॉफ्टवेअर तपासतात. सरकारला जमतं ते टेक इन्स्पेक्शनच्या टेबलावर का जमू नये? सकाळी हेल्मेट बघता, चाकाचे नट बघता, त्यातच हे.

कोनकापू

सोल्डरिंगराव, सकाळी टेकला दाखवायची फाइल वेगळी आणि दुपारची वेगळी असू शकते. शिवाय विचारल्यावर कंपनीचाच आकडा पढवल्यासारखा सांगणाऱ्या फाइलीही असतात. पोपटाला विचारून चोर पकडणार का?

१९९४ आठवा. बेनेटनच्या फॉर्म्युला वन गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये बंदी असलेलं लाँच कंट्रोल (सुटताना चाकं घसरू न देणारी सोय) दडवलेलं सापडलं, मेनूत नाव न दिसणारा तेरावा पर्याय. वापरलं का? सिद्ध झालं नाही. फियाला, म्हणजे मोटार खेळांच्या जागतिक संघटनेला, अख्खी तपासणी करूनही. आणि आपण फोल्डिंग टेबल आणि स्वस्तातला स्कॅनर घेऊन निघालोय.

सोल्डरिंग

पढवलेला पोपट असतो हे मान्य. पण तो शोधून, पैसे देऊन घ्यावा लागतो. पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या ट्रॉफीसाठी एवढं करणारा माणूस तुम्हाला ट्यून उघड केल्यावरही हरवेल, वेगळ्या मार्गाने.

नियमबुवा

१९९४ सांगतोस तर १९९५ पण सांग. टोयोटाने स्पेनमधल्या कॅटलुन्या रॅलीत टर्बोत जाणारी हवा रोखणाऱ्या रिस्ट्रिक्टरमध्ये चलाखी केली. बाहेरून बघितलं तर सगळं सोवळं. तरी पकडले गेले, वर्षभराची बंदी बसली. कुणी म्हटलं का, 'बघा, दिसत नाही, तर रिस्ट्रिक्टरचा नियमच काढा'?

पेठेतला

इकडे पुण्यात बसून वाचतोय, गंमत वाटली. आमच्याकडे रिमॅप (तुमचं तेच ट्यून) म्हणजे चहा सांगावा तसा सांगतात. पोलो जीटी नवी मिळायची तेव्हा पहिल्या सर्व्हिसच्या आत विचारायचे, 'स्टेज वन (पहिल्या पायरीचं ट्यून) केलं का?' मी दोनदा मातीतल्या ऑटोक्रॉसला उतरलोय. वर्ग सीसीवर, आणि मातीत पहिल्या वळणाला सगळे एचपी चाकाखालून धुरळा होऊन निघून जातात. तुमचा हा ६,८०० चा वाद मला लग्नात पंगतीत मीठ कमी पडल्यासारखा वाटतो.

बाकी चालू द्या.

कोनकापू

पेठेतले, मीठ तुमच्या पानात कमी पडू दे, मग बोलू.

अनप्लग्ड

मला वाटतं तुम्ही सगळे गेल्या पिढीचं भांडण भांडताय. 'कारखान्यातून आली तशी' याचा अर्थ आता काय उरलाय?

टेस्लाने २०१९ च्या शेवटी मॉडेल ३ च्या मालकांना ॲक्सिलरेशन बूस्ट विकायला काढलं. दोन हजार डॉलर फोनवरून भरा, रात्री अपडेट येणार, सकाळी ताशी शून्य ते साठ मैल ४.४ ऐवजी ३.९ सेकंदांत. पाना नाही, लॅपटॉप नाही, दुकान नाही, आणि फाइल खुद्द कंपनीची. हे ट्यून नाही तर काय? सोल्डरिंगचा सीव्हीएन इथे काय सांगणार? सगळं अस्सलच आहे!

नियमबुवा

हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रतिसाद, आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

नियमांची जुनी चौकट अशी: कारखान्याच्या लाइनवर बसवून आलेला पर्याय चालतो, डीलरने बसवलेला चालत नाही, मग तो कितीही लोकप्रिय असो. अपवाद कंपनीने दुरुस्ती म्हणून सांगितलेल्या बदलांचा. पहिल्या मिनी कूपर एसला जॉन कूपर वर्क्सचं ताकद वाढवणारं किट डीलरकडे बसायचं, तेव्हाही हीच रड होती: कंपनीचंच तर आहे! पण निदान तेव्हा 'लाइन' आणि 'डीलर' या दोन वेगळ्या इमारती होत्या. आता कारखाना गाडीच्या मागोमाग घरापर्यंत येतो. माझ्या मते ज्याने पैसे भरून जास्त ताकद घेतली त्याची गाडी वेगळी धरावी, वेगळ्या मॉडेलसारखी. २०१९ ची मियाटा १८१ एचपीची आणि ७,५०० ला लिमिटर, आधीची १५५ ची. त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत हे आपण मानतोच ना?

आणि हो, कोनकापू, ७,५०० वरून आठवलं. त्या माणसाची गाडी नक्की २०१७ ची? की २०१९ ची, आणि तू रंग बघून ठरवलंस?

कोनकापू

नंबरप्लेटसकट ओळखतो, बुवा. २०१७. इंजिन बदललं असेल तर तो आणखी मोठा गुन्हा, त्याचा वेगळा धागा काढू.

टर्बोताई

एक बाळबोध प्रश्न. तुझी चौथी रन कशी झाली होती? ०.२१४ कुठल्या रनवर मोजलेस?

पॉपकॉर्नवाला

आता खुर्ची पुढे ओढली.

कोनकापू

...चौथी रन माझी त्याच्यापेक्षा ०.३ ने फास्ट होती. टर्रर्र धरून. एक कोन पडला. स्लॅलममधला दुसरा.

पण मुद्दा तो नाही!

पेठेतला

कोनकापू नाव सार्थ.

नियमबुवा

मुद्दा तो नाहीच, ते मान्य. त्याने लिमिटर सरकवला असेल तर कोन न पाडताही तो चुकीचाच. पण तू त्याच्याशी बोललास का? प्रोटेस्ट नाही, नुसतं पॅडॉकमध्ये जाऊन, 'काय रे, ही अडत कशी नाही?' ताईसारखं त्यालाही माहीत नसेल. २०१७ ची गाडी म्हणजे त्याने नवीच घेतली असेल असं नाही.

कोनकापू

तिसऱ्या हाताची आहे, हे खरं. गेल्या वर्षी घेतली त्याने.

बोललो नाही. झेंडा घेऊन उभा राहिलो आणि घरी येऊन इथे लिहिलं.

सोल्डरिंग

रविवारी स्कॅनर घेऊन येतो, मीही त्याच रीजनचा. सक्ती नाही. आधी तुझ्या गाडीचा आकडा वाचू, तो बोर्डवर लिहू, मग ज्याला वाटेल तो येईल. ताई, तुम्हीही या, तुमच्या त्या अनोळखी फाइलचं नाव निदान कळेल.

टर्बोताई

येते. साबुदाणा खिचडी आणेन, आठला ग्रिडवर कुणालाच काही खायला मिळत नाही. आकडा काहीही निघाला तरी मी स्ट्रीट टूरिंगमध्ये शेवटून दुसरीच येणार, तेव्हा मला टेन्शन नाही.

कोनकापू

ठीक. माझी पहिली लावा. माझं मत मात्र बदललेलं नाही, नोंद असावी.